अम्मांच्या स्वयंपाकघरातले दार न बुजविणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
कारखाने सुरक्षा तपासणी, कल्याण विभाग.

विषय : जीन्स कारखान्यातून संकटसमयी बाहेर पडण्याचे मागील दार विटांनी बुजविण्याचा आदेश मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपला तपासणी शेरा, दि. ११ ऑगस्ट २०२५.

अर्जदार : हरिचंद्र बाळ गायकर, सुपरवायझर, रा. शहाड.

महोदय,

अर्जदार हा उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथील नारीशेठ यांच्या जीन्स शिवण्याच्या कारखान्यात सुपरवायझर असून, यंत्र बिघडल्यास माणसे बाहेर कशी काढायची आणि त्यात धोके कोणते, हे तपासून लिहिण्याचे काम शेठनी त्याच्याच गळ्यात मारलेले आहे. कारखाना पहिल्या मजल्यावर आहे. पुढचा जिना स्टीम प्रेसच्या बॉयलरला खेटून उतरतो. म्हणजे बॉयलर बिघडला की जिना गेलाच. दुसरी वाट एकच. मागचे दार शेठच्या मातोश्री ईश्वरीबाई, म्हणजे सगळ्यांच्या अम्मा, यांच्या स्वयंपाकघरात उघडते आणि तिथून त्यांच्या घरच्या जिन्याने मागच्या गल्लीत उतरता येते.

२. आपण संकटात बाहेर पडण्याची तालीम पाहायला आलात त्या दिवशीची हकीकत आपणांस ठाऊकच आहे, तरी अर्जदाराची बाजू ऐकावी. भोंगा वाजला, माणसे शिस्तीत मागच्या दारातून आत शिरली आणि गल्लीत एकही उतरले नाही. सिंधी माणसे घरी आलेल्याला पापड आणि पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि अम्मा तर या बाबतीत कुणाच्या बापाचे ऐकत नाहीत. गॅसवर एक चिमटा, त्यात एक पापड, आणि माणसे बावीस. रांग मागे सरकत सरकत थेट बॉयलरपर्यंत गेली. ही तालीम आहे, यंत्र बिघडले असे समजायचे आहे, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. मग घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यायला नको का, असे अम्मांनी विचारले. आपण स्वतः बघायला वर आलात तेव्हा आपल्याही हातात पापड आला, हे अर्जदार कुठे बोललेला नाही.

३. नंतर धोक्यांच्या तक्त्यात अर्जदाराने जे पाहिले तेच लिहिले. धोका : आग्रह. शक्यता : हमखास. परिणाम : रांग. उपाय : सुचत नाही. ही थट्टा वाटून, वाटेत अडथळा असल्याने सदर दार पंधरा दिवसांत बुजवावे, असा शेरा आपण मारलात. शेठ पोलिसाला भीत नाहीत इतके सरकारी कागदाला भितात. विटा येऊन पडल्या आहेत, गवंडी सोमवारी येणार आहे. मग उरेल तो बॉयलरशेजारचा जिना. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

४. अशातच काल, गुरुवारी, बॉयलर खरोखरच बिघडला. वाफेचा पाइप सांध्यातून सुटला, प्रेसवाला महेश ओरडत मागे पळाला आणि पुढचा जिना दिसेनासा झाला. आता अम्मा चिमटा घेऊन उभ्या असणार आणि त्यांच्या मायेपायी माणसे भाजून निघणार, एवढेच अर्जदाराच्या डोक्यात होते. पण अम्मांनी आवाज ऐकताच गॅस बंद केला होता. टेबल भिंतीला लोटून, आपोआप मिटणारे ते दार पाठीने दाबून धरून, त्या एकेकाला पुढे ढकलत होत्या. धागे कापणारी तेजल सवयीने थांबली, तर तिच्या पाठीत धपाटा बसला. "आज पापड नहीं. भागो." कुणालाही इजा झाली नाही.

५. गल्लीत अर्जदाराने डोकी मोजली. यादीत बावीस, गल्लीत बावीस. "सगळे आले," असे तो मोठ्याने म्हणाला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग तेजलने विचारले, अम्मा कुठे आहेत? महोदय, अम्मा कामगार नाहीत, म्हणून यादीत नाहीत, आणि यादी अर्जदारानेच केलेली. तो धावत वर गेला. वाफ स्वयंपाकघरात शिरली होती आणि अम्मा अजून दाराला पाठ लावून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना भरभर उतरवत नाही. आपण वाटेत आलो तर पोरे अडकतील, असा त्यांनी विचार केला होता. अर्जदाराने त्यांना पाठुंगळीला घेतले. जिना उतरताना त्या कानाशी विचारत राहिल्या, "पुट, सब निकल गए ना?" पुट म्हणजे बाळा. गल्लीत पोचल्यावर अर्जदाराने डोकी पुन्हा मोजली, तेवीस.

६. तरी विनंती, की दार बुजवू नये. गवंड्याला थांबवायला आपली एक ओळ पुरे, ती सोमवारच्या आत यावी. आग्रहाचे म्हणाल तर तालमीच्या दिवशीही कालच्यासारखेच वागा, असे अम्मांना सांगून पाहिले. खोट्या संकटात पाहुणे तसेच जाऊ देणार नाही, असे त्यांनी कळविले आहे. तालमीला लागणारा जास्तीचा वेळ आपण चालवून घ्यावा.

शिवाय नव्या यादीत पहिले नाव ईश्वरीबाईंचे घातले आहे. कामगार नसलेल्या बाईचे नाव नियमात बसत नाही, असे शेठ म्हणतात. बसत नसेल तर आपण बसवून द्यावे. त्या गल्लीत उतरल्याशिवाय अर्जदार यापुढे "सगळे आले" म्हणणार नाही.

सोमवारपर्यंत जिवात जीव नसलेला,
आपला नम्र,
हरिचंद्र बाळ गायकर
दि. २२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. दोन्ही वाटांचा हाताने काढलेला नकाशा.
२. बाहेर काढावयाच्या तेवीस माणसांची यादी.