आजोबांचा सीन

३ मार्च, सकाळी ६.१०
हंगदियनच्या चित्रनगरीत पोचले. आजपासून तीन संकल्प.
एक, माझ्या कादंबरीतला एकही शब्द बदलू देणार नाही.
दोन, कुणावर चिडणार नाही.
तीन, रोज ब्रशने शंभर अक्षरं गिरवीन. निघताना आजोबांनी शाईची कांडी पिशवीत घातली आहे. पण खोलीत शाई उगाळायला टेबल नाही. उद्यापासून.

३ मार्च, दुपारी
मुहूर्त झाला. कॅमेऱ्यावर लाल कापड, समोर भाजलेलं अख्खं डुक्कर, सगळ्यांच्या हातात उदबत्त्या. माझी विझली. वारा होता. बाकी कुणाची विझली नाही, कारण ते आडोशाला होते.
मला खुर्ची मिळाली. पाठीवर ‘सल्लागार’ असं छापलं आहे. इथे सगळ्यांनाच मास्तर नाहीतर बाई म्हणतात, तशी मी ‘तान बाई’. सत्ताविसाव्या वर्षी बाई! आजोबांना सांगायला हवं.

५ मार्च
निर्मात्या यान बाईंनी माझी कादंबरी ‘ओली शाई’ वाचलेली नाही. वेळ नसतो. पण न वाचता हक्क घेतले, म्हणजे केवढा विश्वास. म्हणाल्या, “दोन मिनिटांत गोष्ट सांगा.”
सांगितली. एक लेखिका डोळे उघडते ती स्वतःच्याच कादंबरीत, आणि तीही तिसऱ्या प्रकरणात मरणाऱ्या दुष्ट सवतीच्या अंगात. तिला वाटतं, गोष्ट माझीच, सगळ्यांना सरळ करीन. कुणी ऐकत नाही. तिला ओळखतात फक्त गावशाळेतले म्हातारे गुरुजी. तिचं अक्षर बघून म्हणतात, “हे सगळं तूच लिहिलंस ना, पोरी? मग नीट लिही.”
हे सांगताना मी उठून उभी राहिले. यान बाई म्हणाल्या, “छान. राजपुत्र कधी येतो?”
म्हटलं, एकोणिसाव्या प्रकरणात.
“पहिल्या मिनिटात आणू.”
आणू देत. माझा शब्द एकही बदललेला नाही, फक्त जागा बदलली. संकल्प शाबूत आहे.

६ मार्च
आजोबांचा फोन. “माझा सीन झाला का?” कारण गुरुजी म्हणजे आमचे आजोबाच. शाओशिंगच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आठव्या वर्षापर्यंत मला त्यांनीच शिकवलं. चांगल्या अक्षराला लाल शाईचा गोल. वाईटाला गोल नाही, शिक्षाही नाही, नुसतं “हं.” ते “हं” अजून माझ्या पोटात आहे.
आजोबा आता शहाऐंशीचे. शेजारच्या फान काकूंना सांगून बसलेत, “मी टीव्हीवर येणार.” म्हटलं, तुमचे बारा सीन आहेत. यादीत नऊच आहेत, पण तीन मी मिळवणारच आहे, तेव्हा हे खोटं नव्हे.
अक्षरं: शून्य. फोन लांबला.

१२ मार्च
नवाचे चार झाले. दिग्दर्शक हाओ म्हणाले, “बाई, म्हाताऱ्याला बघायला कोण बसतं?”
मी चिडले नाही. सतरा पानी निवेदन दिलं, मुद्देसूद, तळटिपांसह. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, मग त्यावर नूडल्सचा वाडगा ठेवला. म्हणजे हाताशी ठेवलं आहे.

२० मार्च
चाराचा एक. पण तोच महत्त्वाचा आहे, ‘नीट लिही’वाला. तीन फालतू सीन गेल्याने तो आता उठून दिसेल. हे मला आधी सुचायला हवं होतं.
माझ्या खुर्चीवर नायिकेचा कुत्रा बसतो. थंडी आहे, लहान जीव आहे. मी दिव्यांच्या पेटीवर बसते. उंचावरून सगळं स्पष्ट दिसतं.
आजोबांनी विचारलं, अक्षरं काढतेस ना? म्हटलं, रोज.
हे मात्र खोटं होतं. लिहून ठेवते आहे.

२७ मार्च
गुरुजींचं काम करणाऱ्या नटाला शेजारच्या सेटवर बादशहाचं काम मिळालं. गेला. हाओ म्हणाले, काही बिघडत नाही, गुरुजी गोष्ट सुरू होण्याआधीच वारले. नायिका त्यांच्या तसबिरीला नमस्कार करील आणि राजपुत्र आत येईल.
मी उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, हे मला मान्य नाही. निषेध म्हणून दुपारचा डबा घेतला नाही. डबा ड्रायव्हरने खाल्ला. म्हणाला, “बाई, रोज निषेध करा.”
संध्याकाळी मात्र बाजी पलटवली! तसबिरीला चेहरा तर लागणार. मी सामानखात्याच्या लुओ मास्तरांकडे गेले आणि मोबाइलमधला आजोबांचा फोटो दिला, काळा सदरा घातलेला, वाढदिवसाचा. त्यांनी विचारलं, “कोण हे?” म्हटलं, आमच्या घरचे. त्यांनी मान खाली घातली आणि फार हळू आवाजात म्हणाले, “सुंदर रंगवून घेतो.” भला माणूस.
तसबिरीपुढच्या लाकडी पाटीवर गुरुजींचं नाव लिहायचं होतं. तेही मीच लिहिलं. शाई शेवटी उगाळली! एकदोन रेघा जरा वाकड्या गेल्या. कॅमेऱ्यात कळत नाही.
बघू आता आजोबांना कोण कापतो. ते भिंतीवरच आहेत.

४ एप्रिल, छिंगमिंग
पितरांचा दिवस. अर्धं युनिट थडगी झाडायला गावी गेलेलं, म्हणून हाओंनी लहान सीन काढला. तसबिरीचा.
आजोबा काय दिसत होते! दोन बाजूंना पांढऱ्या मेणबत्त्या, पुढे फळं, उदबत्त्यांचा धूर. मी कौतुकाने बघत राहिले. लुओ मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, “वारून किती दिवस झाले?”
“कोण?”
“हे. तुमचे.”
म्हटलं, सकाळीच फोन आला होता त्यांचा. गुडघा दुखतोय म्हणाले.
मास्तर तीनदा थुंकले. मग ओरडले. शूटिंग थांबलं. “जिवंत माणूस! पितरांच्या फळीवर! आणि आजच्या दिवशी! अहो बाई, तुम्हाला घरी कुणी काही शिकवलं नाही का?”
हे मला म्हणाले. मला, जिची पहिली शाळाच घरी झाली.
यान बाई स्वतः धावत आल्या आणि पैशांचं लाल पाकीट दिलं. पडद्यावर मेलेल्याचं काम करणाऱ्याला देतात ना, अशुभ टळावं म्हणून, तेच. मास्तरांनी बजावलं, हे आजोबांच्या हातात द्यायचं आणि त्यांनी आजच्या आज खर्च करायचं. उरवायचं नाही.

४ एप्रिल, संध्याकाळी
शाओशिंगची बस चारला होती. मी साडेतीनला स्टँडवर होते, म्हणजे जाणारच होते. पण समोर उभं राहून काय म्हणणार? आजोबा, तुमच्या बारा सीनांचा एक झाला आणि त्यात तुम्ही हयात नाही आहात?
बस गेली. पैसे आजच खर्चायला हवे होते. म्हणून आजोबांच्या वतीने, त्यांचं नाव मनात घेऊन, त्यांना आवडतो तो उग्र वासाचा टोफू खाल्ला. दोन प्लेट. नियमाप्रमाणे सगळं संपवलं.
फोन केला. आजोबा दोनदा खोकले.

५ एप्रिल
सकाळपासून पाच फोन. पाचव्याला आजोबा म्हणाले, “अगं, मी जिवंत आहे. काय सारखं विचारतेस? सीन कसा झाला ते सांग.”
म्हटलं, सगळे तुमच्याकडेच बघत होते. हे शब्दशः खरं आहे.

१७ जानेवारी, सकाळी, शाओशिंग
आजोबा खणखणीत आहेत. हे आधी लिहिते.
काल पहिला भाग लागला. फान काकू घरची पिवळी दारू घेऊन आल्या, गल्लीतले आणखी सातजण आले. आजोबांनी तोच काळा सदरा घातला होता. माझी योजना अशी होती की जेवताना सगळं शांतपणे सांगायचं. जेवताना मासा छान झाला होता.
पहिल्या मिनिटाला राजपुत्र. दुसऱ्या मिनिटाला आजोबा. मेणबत्त्या, फळं, धूर. चार सेकंद. त्यातली दोन राजपुत्राच्या तलवारीने झाकली.
 फान काकूंनी एकदा पडद्यावरच्या तसबिरीकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या आजोबांकडे. मग म्हणाल्या, “थू थू थू! पोरीने जिवंतपणी टांगलं की हो म्हाताऱ्याला!”
मी रडायला लागले. सगळं सांगितलं. नऊ, चार, एक, कुत्रा, छिंगमिंग.
आजोबा म्हणाले, “माझं पाकीट कुठाय?”
म्हटलं, खर्च केलं.
“कशावर?”
“टोफूवर.”
“किती?”
“दोन प्लेट.”
“दोन्ही तूच?” आजोबांनी डोळे मिटले. मरणापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं. मग म्हणाले, “मागे घे चित्र. मी कसा मेलोय ते नीट बघू दे.”
मागे घेतलं, थांबवलं. आजोबांनी चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ गेले. स्वतःकडे पाहिलंही नाही. पुढच्या पाटीवर बोट ठेवलं.
“हे कुणी लिहिलं?”
मी लेखिका आहे. माझ्या कादंबरीला एकवीस लाख वाचक आहेत. माझी मालिका अख्ख्या देशात लागली आहे, शेवटी माझं नावही येतं, कुत्र्याच्या खाली, पण येतं.
म्हटलं, “मी.”
आजोबा म्हणाले, “हं.”

१७ जानेवारी, दुपारी
सकाळी सहाला जेवणाचं टेबल आवरलेलं होतं. त्यावर चौकटींचा कागद, ब्रश, आणि हंगदियनहून परत आलेली शाईची कांडी, जवळजवळ अख्खी. आजोबा म्हणाले, “बस.”
मी ठणकावून सांगितलं की आता माझं हे वय नाही, मला दुसऱ्या कादंबरीचं पाहायचं आहे, आणि कुणाच्या दबावाखाली मी काही करत नाही.
आणि बसले.
शंभर अक्षरं काढली. एकाला गोल मिळाला. अर्धा.