वानर बाईला भीत नाहीत

१२ जानेवारी १९८४
मामंजींचा पाय प्लास्टरात. शिमग्यापर्यंत ओटीवरच. हे मुंबईला, गडीही सोडून गेला. आंब्याची कलमं मोहोरलीत आणि वानर रोज येतात. मामंजी म्हणाले, "घरात बाप्या नाही, राखणार कोण? बाग यंदा व्यापाऱ्याला एकरकमी खंडानं देऊन टाकतो."
आपण पाणी घालून वाढवलेली कलमं, आणि परक्याच्या हातात? म्हटलं, मी राखते. सासूबाई हसल्याच. "अगो, वानर बाईला भितात होय? राखायचीच तर माझ्या लेकाची पाटलोण चढव नि डोक्याला टोपी घाल."
नाही घालणार.

१६ जाने.
कॉलेज. मानसशास्त्राचं नवं प्रकरण: अध्ययनाच्या उपपत्ती. पूर्वीचे लोक नुसते स्वतःच्या मनात डोकावत बसत, मग प्रयोगाला कुत्रा आला. घंटा, खाणं, घंटा, खाणं, शेवटी नुसत्या घंटेलाच लाळ. मला मामंजींचं खाकरणं आठवलं. ते खाकरले की मागून खडा येतो, हे वानरांना पाठ.
तासानंतर सरांना विचारलं, मग वानर बाईला का भीत नाहीत? सर : "अहो वहिनी, ते उपजत असतं. परीक्षेत असलं काही लिहू नका." (वर्गात लग्न झालेली मी एकटी, म्हणून वहिनी.)
उपजत कसलं डोंबलाचं. आजवर कुठल्या बाईनं खडा मारलाय? तेच शिकलेत ते.

२० जाने.
गलोल घेतली. पहिला खडा स्वतःच्याच अंगठ्यावर. वानर मोहोर खात खात बघत होते. पुस्तकातलं मांजरही पिंजऱ्यातून सुटायला असंच चुकत चुकत शिकतं. त्याला निदान हसायला सासू नव्हती.

२ फेब्रु.
मामंजी ओटीवरून खाकरले. वानर हलले नाहीत. पुन्हा खाकरले. एकानं मान वळवून पाहिलं, बस. पुस्तकात ह्याला विलोपन म्हणतात : घंटेमागून काही येईनासं झालं की घंटा फुकट. मामंजींनी मग पेपर तोंडापुढे धरला. फार वाईट वाटलं.
तरी व्यापाऱ्याला निरोप गेलाच. शिमगा झाला की या म्हणून.

९ फेब्रु.
लागला. मोठ्या हुप्प्याच्या बुडावर.
रोज तेच लाल पातळ, आणि खडा सोडायच्या आधी मुद्दाम बांगड्या वाजवते. ही माझी घंटा.

२४ फेब्रु.
ट्युटोरियल परत मिळालं. वानर लिहिले होते. सरांचा लाल शेरा, 'विषयाला सोडून'. विषय तर पुढे गेलाय की. कुत्रा-मांजर झाले, मग चिंपांझीला एकदम उमगलं, आणि आता म्हणतात दुसऱ्याचं बघूनही शिकता येतं. खडा बसला एका हुप्प्याला, पळतात सगळे, पोटाशी पिल्लं धरलेल्या माद्यासुद्धा. त्यांना मी कधी मारलंय?
वार्षिक परीक्षेतही हेच लिहिणार. करा नापास.

१८ मार्च
हे शिमग्याला आलेत. म्हणे, "पँट-शर्ट घातलास तर बिघडतं काय?" बागेत नेलं. त्यांच्या जुन्या पाटलोण-शर्टात पेंढा भरून बुजगावणं उभं केलंय, सासूबाईंच्या हौसेखातर. त्याच्या खांद्यावर एक पिल्लू बसलं होतं. मी बांगड्या वाजवल्या, ते गेलं.
 

२१ मार्च
हे काल परत गेले. आज सकाळी सासूबाई अंगणात मिरच्या पसरत होत्या. हात झटकले, बांगड्या वाजल्या, आणि कुंपणाच्या गडग्यावरचे वानर पटापटा पळाले. सासूबाई आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. "मी काय केलं गो?"
म्हटलं, काही नाही, ते शिकले.
मामंजी ओटीवरून बघत होते. आज खाकरले नाहीत. उद्या व्यापारी येणार. चहा घेताना म्हणाले, "बोलणी ओटीवर होतील. तूपण बस." बाग द्यायची की ठेवायची, ते तिथंच ठरेल.
बसेन. हातभर बांगड्या घालून.