मोठ्या बाबाची सुई

सौंसर, गुरुवार, दिवाबत्तीची वेळ

डोकं तापून राहिलं माहं. नर्सिंगले नंबर लागला, परवा ॲडमिशन घ्याले छिंदवाड्याले जायाचं, अन् आज मोठे बाबा बाबाले म्हणतात, "पोरीले नको पाठवू. परक्या माणसाच्या अंगाले हात लावन, बदनाम होईन." बाबा मोठ्या भावापुढे मान डोलावतात. नेहमीसारखेच.

अन् हे बोलले कधी? सदरा वर धरून, भिंतीकडे तोंड करून, माह्याकडून इन्सुलिन टोचून घेता घेता! रोज संध्याकाळी माहाच हात लागते त्यायले. दुसऱ्या कोणी सुई धरली का ओरडतात. तेव्हा चालते माहा हात?

एवढा राग होता, पण सुई नीट टोचली. सदरा खाली करत हळूच म्हणतात, "तू गेली तर मले कोण टोचन?"

असं आहे तर! बदनामीची काळजी नव्हतीच, सुईची होती.

टोपल्यातलं एक संत्रं उचललं. नव्या सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं. दोन्ही त्यायच्या हातात दिले. मीही संत्र्यावरच तर टोचाले शिकली होती. म्हटलं, "घ्या मोठे बाबा, परवापर्यंत हात बसवा."