टाकीच्या उजवीकडे पाच

१४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप मामा, आणि हे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मामी,

दोघांनाही नमस्कार. मी बरी आहे. टेकडीवर वारा सुटलाय आणि मला सर्दी झालीय, ती दरवर्षीचीच. मामांची मान कशी आहे? डॉक्टर अजून पालथंच झोपायला सांगतायत का? मामी, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "लग्न झाल्यापासून हा माणूस आभाळात बघत आला. आता पहिल्यांदा घरातली फरशी बघतोय, तर कुठे पुसायची राहिलीय ते मला सांगतो!" मी हसले खरी. फोन ठेवल्यावर मात्र ताट तसंच सरकवून उठले.

आधी बातम्या. मोहोळघारी यंदा उशिरा आल्या, पण आल्या त्या थव्यांनी. काल दुपारी ऊन तापलं, गरम हवा वर चढायला लागली आणि तिच्यात त्यांनी ही मोठी चक्कर धरली. नवीन मुलगी लगेच बोट नाचवत मोजायला लागली. मी खेकसले, "अगं, फिरणारे मोजू नकोस, वेड लागेल! वर जाऊन दक्षिणेला सुटले की एकेक मोज." ती म्हणाली, "अगदी मामांसारख्या ओरडता हो तुम्ही." भाची मी, पण मामा तुम्ही अख्ख्या टेकडीचे. आधी बरं वाटलं ते ऐकून, मग वाटेनासं झालं.

दुसरी बातमी तुम्हाला ठाऊकच आहे. साहेबांनी ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "मामांचा फोन होता. माझ्या खुर्चीत भाचीला बसवा म्हणाले, तिच्या नजरेतून काही सुटत नाही." म्हणजे यापुढे टेकडीवरच्या पक्षीगणतीची प्रमुख मी. हो की नाही ते रविवारपर्यंत कळवायचंय.

खरं तर आभार मानायलाच बसले होते. दोन कागद फाडले. फोन केला असता, पण तुम्ही "बरं बरं, असू दे" म्हणून मला वाटेतच थांबवलं असतं आणि मी खुशाल थांबले असते. म्हणून पत्र. मामी, आता इथून पुढे एक अक्षरही गाळू नका. माझा राग आला तरी वाचा.

मामा, तो दिवस आठवतोय? आभाळ स्वच्छ होतं, खाली पांढऱ्या ढगाची एक पट्टी. तुम्ही म्हणालात, "टाकीच्या उजवीकडे, पाच. लांब आहेत." मी पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे दुर्बीण लावली. काही नाही. तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तरी काही नाही. तेवढ्यात तुम्ही मान वळवलीत आणि म्हणालात, "आता सहा. चिमणीकडे आले बघ." टाकीपासून कारखान्याच्या चिमणीपर्यंत एका दमात! असा कुठला पक्षी उडतो, मामा? ते तुमच्या नजरेबरोबर सरकत होते. ठिपके आभाळात नव्हतेच, तुमच्या डोळ्यात होते. मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "हो मामा, सहा." आणि गणतीच्या वहीत एकही धरला नाही.

असे अचानक ठिपके दिसायला लागले तर डोळ्याचा डॉक्टर गाठायचा असतो, एवढी अक्कल मला होती. तुमचा मान राखायचा म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. साफ खोटं. मला मजा येत होती. लहानपणी तुम्ही मला गच्चीवर उभं करून विचारायचात, "ही घार की गरुड?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "चुकलीस!" आता तुम्ही रोज चुकत होतात, आणि मी रोज तुमच्या शेजारी बसून मनात म्हणत होते, चुकलात! शी! लिहिताना स्वतःचीच किळस येतेय.

एवढ्यावरच थांबले असते तरी ठीक. चहाच्या वेळी मी सगळ्यांना म्हटलं, "मामांचे गरुड हल्ली मामांना सोडून कुठे जात नाहीत." सगळे खो खो हसले. तुम्ही थर्मास घेऊन पायवाट चढत होतात. धापा टाकत म्हणालात, "काय जोक झाला? मलाही सांगा की." मी म्हटलं, "काही नाही हो मामा." आणि तुम्ही पहिला कप मला दिलात.

पुढच्या आठवड्यात तुमच्या उजव्या डोळ्यावर पडदा ओढला गेला. डॉक्टर म्हणाले, ठिपके दिसले तेव्हाच आला असता तर डोळा वाचला असता, आता ऑपरेशन करून, पालथं झोपवून काय हाती लागेल ते सांगता येत नाही. मामी, तुम्ही रडायला लागलात. मामांनी डोळ्याला पट्टी असताना उलट तुम्हालाच समजावलं, "अगं, कुणाला काय कळणार होतं? ठिपके मला एकट्यालाच दिसत होते." मी तिथेच खुर्चीवर सफरचंद सोलत होते. सोलतच राहिले.

खुर्ची नको म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मग तुम्ही "लाजतेय वेडी" म्हणून कौतुक कराल, आणि ते मला सोसायचं नाही. म्हणून साहेबांना मी अजून काहीच बोललेले नाही. हे सगळं ऐकल्यावर तुम्हीच सांगा, बसू की नको. काहीच सांगितलं नाहीत, तर ते उत्तर समजेन. मामी, फोन आपटलात तरी चालेल. माफ करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. मामा, मला माफ करा.

तुम्ही साहेबांना सांगितलंत ते खरंच आहे. माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

तुमची, अजून म्हणू देत असाल तर,
भाची