चौथी घागर

२८ एप्रिल १९४९, बुऱ्हाणपूर
पोचले. गाडी फक्त चाळीस मिनिटं उशिरा. हे घर मी प्रथमच पाहते आहे. मी नागपूरला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिकत असताना बाबांनी खकनारहून बिऱ्हाड इथे आणलं. दोन खोल्या, ओसरी, दारात कडुलिंब, त्याला गल्लीतल्या पोरींनी बांधलेला झोका. घर छान आहे. आईने पाय धुवायला पाणी दिलं आणि रडली. गेल्या वर्षी इच्छापूरचं स्थळ नाकारून मी शिकायला राहिले, तेव्हापासून घरचं एकच पत्र आलं: ‘आखाजीला ये.’ तेवढं पुरलं. सुट्टी सहा मेपर्यंत. आठला प्रात्यक्षिक परीक्षा. पास झाले की तिथेच नोकरी.

३० एप्रिल
जेवण उत्तम. आमरस, सांजोऱ्या. माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढतात, पण ओसरीवर, वेगळं. मी पाहुणी असल्यासारखं. निर्मलावहिनी ताट ठेवते आणि मागे न बघता आत जाते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, छताशी बोलतात. आज वर्तमानपत्र वाचता वाचता छताला सांगितलं, की राजेमहाराजांनी सह्या करून संस्थानं सोडली, कोणाचं काही अडलं नाही, पण चुडामण पाटलाच्या लेकीच्या तोंडून एक ‘हो’ निघेना. मी म्हटलं, राजांना पेन्शन मिळाली. वहिनीला हसू आलं. तिने पदर तोंडात कोंबला. बाबांनी पान उलटलं.
झोक्यावरच्या पोरींना नावं विचारली. एकीनेही उत्तर दिलं नाही. शहरातल्या पोरींचा एवढा तोरा!

१ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)
आज घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरी भरल्या. पाण्याची घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, वर आंबा. पितर घरी येतात, पाणी पितात, असं मानतात. आमचे तीन: आजोबा, आजी, सुकलालकाका. घागरी चार मांडल्या होत्या. चौथी कोणाची, असं आईला विचारलं. ती म्हणाली, जेव वं माय, रस काळा पडतो.
राग आला. साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायला काय जातं? चारही मडकी उचलून बघितलं. पाणी गळ्यापर्यंत, सारखं.

२ मे
दुपारी पाहिलं. तीन घागरींचं पाणी एक-एक बोट उतरलं आहे. माती पाझरते, ऊन आहे, बरोबर. चौथीचं सहा बोटं. तडा शोधला. नाही. खालची जमीन कोरडी.
दुसरी नोंद: सावलीत १०८ अंश उष्मा, आणि मी कालपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. तहानच लागली नाही.

३ मे
सकाळी सात. तोंडात थर्मामीटर, पाच मिनिटं. पारा ९५ च्या खालून हललाच नाही. झटकून पुन्हा. तेच.
दुपारी तीन. तोंडातला पारा १०८. तापाची कणकण नाही, ग्लानी नाही. म्हणजे अंग हवेइतकं गार आणि हवेइतकंच गरम. असं अंग मी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत पाहिलं आहे. त्या खोलीत रोगी ठेवत नाहीत.
नाडी — सापडली नाही. माझी बोटं चुकत असतील.

४ मे
वहिनीला परसात गाठलं. दोरीवरच्या लुगड्यामागे तोंड लपवून तिने सगळं सांगितलं. मी नकार दिल्यावर धाकट्या शारदाचं लग्न अडलं. जातीच्या पंचांनी सांगितलं, मोठीचं नाव टाका. बाबांनी पंचांसमोर माझ्या नावाने मडकं फोडलं, तापीवर जाऊन माझं दहावं केलं. शारदा सुखाने नांदते आहे.
मी जिवंत असताना. मला ते कळवणारं एक पोस्टकार्डही न टाकता.
वहिनी म्हणाली, वन्सं, माझ्यावर रागावू नका, मी फक्त भात शिजवला होता.

५ मे
चौथी घागर आज काठोकाठ भरलेली. आई रोज भरते. विचारलं. ती रडत नव्हती, हेच जास्त भयंकर. म्हणाली, जितीला उंबरा ओलांडू दिला असता तर जात तुटली असती. पण आखाजीला मेलेल्यांना कोण अडवतं? म्हणून तशीच बोलावली. पाणी आहे तोवर तू घरात आहेस. मी पाणी आटू देणार नाही.
मी म्हटलं, आठला माझी परीक्षा आहे.
ती म्हणाली, परीक्षा राहू दे आता, बाई.
असा राग मला कधी आला नव्हता. लग्नाला ‘हो’ म्हटलं नाही म्हणून यांनी मारलं, आणि आता माया येते म्हणून मेलेलीच ठेवणार —

६ मे, सकाळ
पेटी घेऊन टांग्यांच्या अड्ड्यावर गेले. तीन टांगेवाले. तिघांशी बोलले, मग ओरडले. कोणी मान वळवली नाही. घोडे बिचकले. फक्त घोडे.

६ मे, दुपार
घागर उंबऱ्यावर आणली. वहिनी म्हणते, पाणी ओतलं की पितर जातो. कुठे, ते तिला माहीत नाही. मलाही नाही. पण ज्या पंचायतीत मला बोलावलं नाही तिच्या निकालाने मी मरणार नाही. डाव्या हाताने कलती करते आहे. उजव्याने लिहिते.
पाऊण. बोटांना मुंग्या.
अर्धी. तहान — भयंकर तहान — ही जिवंत माणसाची —
आई धावत आली. नको म्हणते, पोरी नको. मी थांबणार नाह—
पाव.
तिने माझा दंड धरला. घट्ट. हात गरम आहे, मला लागतो आहे, लाग— मूठ आवळते आहे. माझा दंड मध्ये आहे आणि तिची मूठ पूर्ण मिटल—