वाक्यात उपयोग

प्रिय जानराव,

अमेरिकेत गोरे आपसात लढून राहिले आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला, हे अकोल्यात कापसाच्या गंजीवर बसणाऱ्या तुला मी काय सांगावं! पण त्या लढाईपायी चाळिशी उलटलेल्या तुझ्या दोस्ताला पुन्हा धडे गिरवावे लागले. आमच्या अमरावतीच्या वखारीत आलेल्या नव्या साहेबाला कारकुनांचं इंग्रजी फार हलकं वाटतं. त्यानं एका कागदावर चार भारी शब्द दिले. प्रत्येकाचा अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. वाक्य पुस्तकातलं चालणार नाही, ओळखीच्या माणसावरचं हवं. म्हणजे शब्द अंगात मुरतो म्हणे.

माझी जीभ तुला माहीत आहे. एका बैठकीत चारही वाक्यं लिहिली आणि एकटाच हसलो.

पहिला शब्द ‘इम्मूव्हेबल’, म्हणजे न हलणारा. आमच्या वखारीला कापूस घालणाऱ्या नत्थुजींनी या भावाच्या पैशातून बैलांची शिंगं चांदीनं मढवली आहेत. मी लिहिलं: नत्थुजींचे बैल शिंगांवरच्या चांदीच्या भारानं न हलणारे झाले. पुढच्या सोमवारी ते बैल भर बाजारात उभे राहिले ते राहिलेच. चाबूक झाला, चारा झाला, पापणीसुद्धा लवेना. नत्थुजी रडकुंडीला आले. म्हणाले, “सूर्यभानजी, तुमी शिकलेले, सांगा ना, माह्ये बैल काहून असे करून राहिले?” मी म्हटलं, श्रीमंती पचली नसेल. सगळा बाजार हसला.

दुसरा ‘इनऑडिबल’, ऐकू न येणारा. शेजारच्या गोदाबाई तुला आठवतात ना? नवऱ्याला हाक मारली की बडनेऱ्याची कुत्री भुंकायची. मी लिहिलं: गोदाबाईंचा आवाज ऐकू न येणारा झाला आणि आळी सुखी झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी त्या विहिरीवर भांडताना दिसल्या. तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि रहाटाच्या कुरकुरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आळी सुखी झाली नाही, दारं लावून बसली. मी घरी पळालो, ते वाक्य खोडलं. तेव्हापासून गोदाबाई तोंडच उघडत नाहीत, घासासाठीसुद्धा.

म्हणून उरलेल्या दोन वाक्यांना मी हात लावला नाही. दोन्ही तुझ्यावर आहेत, जानराव. तिसरं ‘कंबस्टिबल’, चटकन पेट घेणारा: कापूस पेट घेणारा आहे, हे जानरावाला गंजीवर चिलीम ओढताना कळलं. चौथं ‘पॉस्थ्यूमस’, लिहिणाऱ्याच्या मरणानंतरचा: सूर्यभानचं पत्र जानराव इतक्या आळसानं उघडतो की ते मरणानंतरचं ठरतं.

पत्रच लिहिलं नाही तर चौथं वाक्य खरं कसं होणार? एवढी अक्कल मला होती. दोन दिवस दौतीला झाकण लावून बसलो. पण आज बुधवार, आणि चौथ्या वाक्याआधी एक सोमवार तिसऱ्याचा आहे. मी गप्प राहिलो तर तो तुझा आहे. तेव्हा सोमवारी गंजीकडे फिरकू नकोस, घरात निखारासुद्धा ठेवू नकोस. हे पत्र आणणाऱ्या गाडीवानाला बजावलंय की तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही. तो उभा असेल. त्याला माझ्याविषयी काही विचारू नकोस. आधी चिलीम विझव.

तुझाच, निदान हे लिहीपर्यंत तरी,
सूर्यभान