ईश्वरच्या बाकावरचे पडीक

३ फेब्रुवारी १९९४
नीरजला विचारलं, बँकेतून सुटल्यावर कुठे असशील? "ईश्वरकडे पडीक असेन, बाबा." जणू पत्ताच दिला. पिकाविना पडून राहिलेल्या जमिनीचं विशेषण चिरंजीवांनी हौसेने स्वतःला लावून घेतलंय. धातू पत् — पडणे. शाळेत संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी छडी हातात घेऊन पाठ करून घेतला, पण चहाच्या टपरीवर तो असा नांदेल असं बोलले नव्हते.

सुचेता म्हणते, "तुम्ही त्या पेपरात पडीक." तो आरोप. शेजारच्या हंसाबेन म्हणतात, "संडेला आमचे मिस्टर घरीच पडीक." त्यात समाधान. अर्थ कोशात नाही, बोलणाऱ्याच्या तोंडावर वाचायचा.

६ फेब्रुवारी, रविवार
गेल्या रविवारी वसईला नीरजसाठी सुरुचीला पाहून आलो. आमचा होकार तिथेच सांगितला. तेव्हापासून नीरज भाजी अळणी असली तरी मीठ मागत नाही!

आज तिचे काका, उत्तमराव, चौकशीला आले. मुलीला वडील नाहीत, शब्द काकांचा. टपालखात्यातून रिटायर झालेले. रीतीप्रमाणे आमच्याकडे न येता आधी नाक्यावर — इस्त्रीवाला, वाणी, मग ईश्वरची टपरी. ईश्वरने खरं ते सांगितलं: "नीरजभाई? वो तो इधरीच पडीक रहता है."

सुचेताने तवा आपटला. "मुलगा बँकेत आहे एवढं सांगायला काय झालं होतं त्याला?"

१० फेब्रुवारी
वसईहून निरोप नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार
काका पुन्हा आले! सुचेताने नीरजला घरात कोंडलेला. काकांनीच ईश्वरला विचारलं म्हणे, "मुलगा कुठाय? रोजचा ना तो?" मग पाठवावाच लागला. दुपार उलटेपर्यंत दोघं बाकावर.

मी गेलो तर म्हणाले, "एका फेरीत माणूस कळत नाही, साहेब."

मान डोलावली. माझ्यासारख्या वार्ताहराने याला नाही कसं म्हणायचं?

२० फेब्रुवारी, रविवार
तिसरी फेरी. ईश्वर आता काकांना साखर किती ते विचारत नाही. आजच्या चौकशीचे विषय — आमच्या जेसल पार्कात खाडीचा वारा कधी सुटतो, नीरजच्या मित्राची स्कूटर चढावर का बंद पडते, आणि सॉर्टिंग ऑफिसातला एक इरसाल साहेब. नीरजबद्दल प्रश्न एकही नाही.

"मग उत्तमराव, काय ठरलं?"

"घाई कसली? चौकशी चालू आहे."

सुचेताची खात्री झालीय की नकार आहे आणि सांगायला त्यांना जड जातंय. मी थट्टेवारी नेतोय. पण पोरगं नीट जेवत नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार
आज बाकावर काकांसाठी जागा धरून ठेवली होती. कोणी? नीरजनेच. निघताना काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या रविवारी मी आहेच इथे पडीक."

नीरजने वर येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. सुचेता मला म्हणाली, "मुलाकडच्यांनी मागे लागू नये, ती रीत घाला चुलीत. तुम्ही फोन लावा."

१ मार्च
नाक्यावरच्या बूथवरून वसईला फोन लावला. काका बाजारात गेलेले. सुरुचीनेच उचलला. आढेवेढे घेत विचारलं. ती गोंधळली. "म्हणजे? होकार कळवायलाच तर ते दुसऱ्या रविवारी आले होते. मला म्हणाले, सगळा नाका ज्याला ओळखतो त्याची आणखी काय चौकशी करायची?"

मग म्हणाली, "काकी गेल्यापासून ते घराबाहेरच पडत नव्हते हो. आता रविवारी उजाडताच दाढी करून तयार असतात."

घरी येऊन दोघांना सांगितलं. नीरज आधी हसला, मग खिडकीकडे वळला. लग्नाची तारीख एप्रिलातली धरू. तोवर काकांना कोणी काही विचारायचं नाही.